भाऊसाहेबांचा डूख

"टांगली! अनु, टांगली बघ!" दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच जगदीशराव ओरडले, आणि हातातला अर्धा चहा त्यांच्या लेंग्यावर सांडला.

कुंपणापलीकडच्या बाभळीवर खाटीक पक्ष्याने पाल आणली होती. काट्यात तिची मान आरपार खोचून तो आता तिचं पोट फाडत होता. पालीची शेपटी अजून हलत होती. त्या झाडावर त्याने बरंच काय काय वाळत घातलं होतं: टोळ, नाकतोडे, एक पिवळ्या छातीचं पाखरू. पक्षी मुठीएवढा, पण अंगात माज केवढा!

"सकाळी सकाळी काय ते रक्त बघायचं?" अनुराधा म्हणाली.

"हे तू बोलतेस? जन्मभर ऑपरेशन थिएटरात उभी राहिलीस."

"मी शिवायला उभी होते. फाडायची मजा बघायला नाही."

जगदीशराव हसले. बोलण्यात बायकोचा हात कोणी धरू शकत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते बहुतेक वेळा हसून सोडून देत. हसू आलं नाही तर मात्र घर डोक्यावर घेत.

ते सौदीतल्या अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये इंजिनियर होते. तिथली यंत्रं आणि हाताखालची माणसं यांच्यावर आवाज चढवण्यात त्यांची हयात गेली. अनुराधा हफूफच्या सरकारी हॉस्पिटलात थिएटर सिस्टर. दोघं निवृत्त झाली तोवर बरोबरीचे सगळे पुण्याला नाहीतर रत्नागिरीला फ्लॅट घेऊन मोकळे झाले होते. ह्यांना इथली वाळू सोडवेना. मुलगी स्मृती अल-खोबरला डॉक्टर, तिच्या इकाम्यावर, तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, दोघांची नावं चढली. म्हणजे लेक बापाची कफील, जामीनदार झाली, आणि ही गोष्ट बापाच्या घशाखाली अजून उतरली नव्हती. तिच्या घरी राहताना जावयाच्या टीव्हीवरून जगदीशरावांचं एकदा चांगलंच वाजलं. दुसऱ्याच दिवशी अनुराधेने अफनानला फोन लावला. अफनान तिच्याच हाताखाली शिकलेली, आता स्वतः थिएटरची मुख्य. हफूफच्या बाहेर तिच्या वडिलांचा जुना मळा होता. खजुराची बाग, बोअरचं पाणी, दोन खोल्यांचं घर आणि त्यापुढे नुसती वाळू.

"घर रिकामंच आहे, सिस्टर अनु," अफनान म्हणाली. "यल्ला, या राहायला."

वाळवंटात शांतता असते असं सांगणारी माणसं तिथे कधी राहिलेली नसतात. इथे जो तो दुसऱ्यावर टपलेला. मोकाट कुत्र्यांच्या टोळीने शेजारच्या मळ्यातलं करडू जिवंतपणीच वाटून खाल्लं, ते अनुराधेने खिडकीतून पाहिलं होतं. ससाणा उंदरावर असा आदळायचा की उंदराला ओरडायलाही सवड मिळत नसे. शमाल वारा सुटला की वाळू गाडीचा रंग खरवडून काढी. जगदीशराव हे सगळं खुर्चीत बसून बघत आणि खूश होत.

"इथे आडपडदा नाही बघ," ते म्हणत. "ज्याला राग आला तो सरळ चावतो."

घरात तरी वेगळं काय होतं, असं अनुराधेच्या मनात येई. पण ती बोलत नसे. जगदीशरावांचा राग यायचा, भांडी आपटायचा, आणि जायचा. मग ती सांडलेलं पुसायची, फुटलेलं भरायची, मळलेलं धुवायची. संध्याकाळपर्यंत घर असं लख्ख व्हायचं की काही घडलं होतं हे खुद्द जगदीशरावांनाही आठवत नसे.

अनुराधेला त्या मळ्यावर जीव लावायला एकच प्राणी मिळाला, तो म्हणजे भाऊसाहेब. भाऊसाहेब हा उंट. अफनानच्या वडिलांच्या कळपातला एकुलता एक नर. माद्या राखणदाराबरोबर दिवसभर चरायला जात, आणि हे मात्र घरालगतच्या जाळीच्या कुंपणात एकटे उभे. मान उंच, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, समोरच्याकडे नाकावरून बघायची सवय. अनुराधेचे थोरले दीर हुबेहूब असेच बघत, म्हणून तिने त्यांचंच नाव ह्याला दिलं. जगदीशरावांना ते मुळीच आवडलं नाही.

अनुराधेच्या माहेरी पहिली पोळी गाईची असे. नोकरीच्या धबडग्यात ते राहून गेलं होतं, आता वेळच वेळ होता, पण इथे गाय कुठून आणायची? मग रोज सकाळी पहिल्या पोळीवर गूळ ठेवून ती कुंपणाशी जाई आणि म्हणे, "घ्या भाऊसाहेब." भाऊसाहेब वरून मान खाली आणत, ओठांनी पोळी हलकेच उचलत, आणि कधी कधी तिच्या केसांत ऊन ऊन श्वास सोडत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं, ते कढीलिंबापर्यंत.

कढीलिंब जगदीशरावांचा. बी रुजवण्यापासून त्यांनी तो वाढवलेला. उन्हाळ्यात त्याला ओलं पोतं गुंडाळलं, वाऱ्यात स्वतः आडोसा धरून उभे राहिले. कमरेएवढा झाल्यावर चांगलं ऊन मिळावं म्हणून त्यांनी त्याची कुंडी कुंपणाजवळ नेऊन ठेवली, आणि भाऊसाहेबांनी कुंपणावरून मान टाकून तो दोन घासांत संपवला. पान नाही, फांदी नाही, कुंडीत नुसता बोटभर खुंट.

जगदीशराव बाहेर आले तेव्हा भाऊसाहेब रवंथ करत होते. ते बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंतीशी पाण्याच्या लोखंडी पाइपाचा तुकडा पडलेला होता. तो उचलून त्यांनी पहिला फटका मारला तो सरळ नाकावर. उंट किंचाळला. दुसरा जबड्यावर. तिसऱ्याला वरचा ओठ फाटला आणि रक्ताचे शिंतोडे जगदीशरावांच्या सदऱ्यावर उडाले. उंटाची मोरखी दोराने खांबाला बांधलेली होती, त्याला मागे हटता येईना. जगदीशराव मारत राहिले. तोंडाने शिव्या चालल्या होत्या, त्यातल्या निम्म्या उंटाला लागू पडण्यासारख्याही नव्हत्या.

अनुराधा धावत आली आणि तिने पाइप धरायला हात घातला. पुढचा फटका तिच्या डाव्या मनगटावर बसला.

हाड मोडल्याचा आवाज तिने उभ्या आयुष्यात पुष्कळ वेळा ऐकला होता. स्वतःचं हाड आहे हे कळायला मात्र क्षणभर लागलं. ती खाली बसली. जगदीशरावांनी पाइप टाकला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या चेहऱ्याने ते म्हणाले, "मध्ये कशाला आलीस?"

एवढंच बोलून ते आत गेले. अनुराधेने उजव्या हाताने डाव्याला पट्टी बांधली. संध्याकाळी स्मृतीचा फोन आला तेव्हा "न्हाणीघरात पाय घसरला" असं सांगितलं. प्लास्टर निघालं तरी मनगट जरा वाकडंच राहिलं, आणि त्याबद्दल त्या घरात पुन्हा एक अक्षर निघालं नाही.

अक्षर काढलं ते अफनानने, पण उंटाबद्दल. एका शुक्रवारी ती वडिलांबरोबर आली, भाऊसाहेबांच्या ओठावरचा व्रण बोटांनी चाचपला आणि अनुराधेला बाजूला घेऊन गेली. अफनानचं इंग्रजी आणि अनुराधेचं अरबी दोन्ही लंगडं. पण ऑपरेशनच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून त्यांनी इतकी वर्षं काढली होती की डोळ्यांवरूनच कळत असे.

"कोणी मारलं?"

अनुराधेने डावं मनगट ओढणीखाली घेतलं. अफनानने खुर्चीतल्या जगदीशरावांकडे एकदा बघून घेतलं.

"सिस्टर अनु, उंट विसरत नाही. आज काही करणार नाही. थंडी पडली की नर माजावर येतो, तेव्हा सगळं बाहेर काढतो. माझ्या आजोबांच्या एका माणसाला असाच मारला होता. बसला त्याच्या छातीवर."

"मग करायचं काय?"

"आमच्याकडे रीत आहे. ज्याने मारलं त्याचा कपडा उंटापुढे टाकायचा. अंगातला, घामाचा. उंट त्याला फाडतो, तुडवतो, त्याच्यावर बसतो. राग निघून जातो. मग खलास. पुन्हा त्या माणसाच्या वाटेला जात नाही. पण थंडीच्या आधी करा."

जगदीशरावांना ते सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. "माझा सदरा उंटाला? आहेर करतेस की काय भाऊसाहेबांना?"

अनुराधा मात्र उठून कपाटाकडे गेली. नवऱ्यावर ती मनातून चिडलेली होती हे खरं, पण त्याच्या छातीवर उंट बसावा एवढी चिडलेली नव्हती. तिने कपाटातून तोच रक्ताचे शिंतोडे उडालेला सदरा काढला. तिने तो त्याच दिवशी धुतला होता, तरी डाग पुसट राहिले होते. आता तिने तो पुन्हा भिजवला, डेटॉलच्या पाण्यातून काढला, कडक उन्हात वाळवला आणि इस्त्री केली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसऱ्याला द्यायचा कपडा धुऊन द्यायचा, हे आईने शिकवलेलं. मळकं काही थिएटरच्या दाराआत न्यायचं नाही, हे नोकरीने शिकवलेलं. ही दोन्ही वळणं तिच्या हाडामांसात इतकी भिनलेली होती की "अंगातला, घामाचा" हे शब्द कानांवर पडून गेले, आणि हातांनी आपलं तेच केलं.

घडी केलेला सदरा तिने कुंपणाच्या आत टाकला. भाऊसाहेब आले. त्यांनी मान खाली घालून सदरा हुंगला. नाकपुड्या मिटल्या, उघडल्या. एकदा शिंकले. आणि त्याच्यावरून पाऊल उचलून सरळ तिच्याकडे आले, पोळीसाठी.

अनुराधेच्या डोळ्यांत पाणी आलं. "माफ केलं हो," ती घरात येऊन म्हणाली. "शिवलेसुद्धा नाहीत. एवढा मार खाऊन माफ केलं."

"जनावर ते," जगदीशराव म्हणाले. "त्याला काय आठवतंय?" पण त्या दिवसापासून त्यांची खुर्ची कुंपणाच्या बाजूला जरा सरकली.

मग थंडी पडली. सकाळी वाळू गार लागायला लागली आणि भाऊसाहेबांचं सगळं तंत्रच बदललं. डोक्यामागून काळा चिकट पाझर मानेवर ओघळायचा. दात करकरा वाजवायचे, तोंडाला फेस. मधूनच गळ्यातून गुरगुर काढत जिभेच्या बाजूने लाल पिशवी बाहेर फुगवायचे. खाणंही सोडलं होतं. अनुराधेची पोळी कुंपणावर तशीच राहायची आणि मुंग्या ती न्यायच्या. ती आपली समजूत घालायची की हे दिवस जातील, आपला नि त्यांचा काही वाद नाही.

त्या सकाळी खाटकाने बाभळीवर चक्क एक छोटा साप लटकवला होता. जगदीशराव बेभान झाले. "एवढ्या लांबून फोटो येत नाही गं! जवळ जायला हवं."

बाभूळ भाऊसाहेबांच्या कुंपणातच होती, पण ते पार पलीकडच्या टोकाला, पाठ करून उभे होते. राखणदार माद्यांना घेऊन केव्हाच गेला होता. जगदीशराव फाटकाच्या कडीवर हात ठेवून थांबले, आणि अनुराधेकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला परवानगी अशी क्वचितच विचारली असेल.

"जाऊ?"

"जा," ती म्हणाली. "त्यांनी राग सोडलाय." आणि कपडे धुवायला बाहेरच्या नळाकडे वळली.

नळ कुंपणाला लागूनच होता. बादलीत कालचे कपडे पडलेले, त्यांत पाणी सोडायचं होतं. तेवढ्यात तिला आवाज ऐकू आला. तो माणसाचा आहे हे आधी कळलंच नाही.

उंटाने जगदीशरावांचा उजवा हात कोपराच्या वर धरला होता. धरून त्यांना जमिनीवरून उचललं होतं, आणि तो मान झाडत होता. जगदीशराव पाय झाडत इकडून तिकडे हेलकावत होते, चपला उडाल्या, दुर्बीण पट्ट्यासकट बाभळीवर आपटली, खाटीक ओरडत उडाला. मग त्याने त्यांना आपटलं. ते उठायला गेले तशी डोक्याला चावला, आणि कानावरची कातडी केसांसकट सोलून निघाली. त्यानंतर अतिशय सावकाश, रोज विसाव्याला बसतो तसा, तो पुढचे गुडघे दुमडून त्यांच्यावर बसू लागला.

"भाऊसाहेब!" अनुराधा किंचाळली. "अहो भाऊसाहेब, सोडा!"

त्याने मान वळवली नाही. तो कोणाचा भाऊसाहेब नव्हता. अनुराधा फाटकातून आत धावली, जाता जाता भिंतीजवळचा पाइप तिने उचलला होता, तोच पाइप. होती नव्हती ती ताकद लावून तिने मानेवर हाणला. एकदा, दोनदा. हाणताना वाकड्या मनगटातून कळ थेट डोक्यात गेली. उंटाला त्याचं काहीच नव्हतं. त्याच्या छातीखालचा घट्टा जगदीशरावांच्या बरगड्यांवर टेकला, आणि सुकी फांदी मोडावी तशा त्या एकामागून एक मोडल्या. जगदीशरावांच्या तोंडातून फेस आला, लाल.

फटका मारायला तिसऱ्यांदा हात वर गेला, आणि तिथेच थांबला. अंगातला, घामाचा. अफनानचे शब्द आता, इतक्या उशिरा, तिच्या हातांपर्यंत पोचले. मी धुतला. मी इस्त्री करून टाकला. त्यात हा माणूस नव्हताच, त्यात नुसता डेटॉल होता.

तिने पाइप फेकला आणि नळाकडे पळाली. बादलीत वरच जगदीशरावांनी काल खजुराची छाटणी करताना घातलेला सदरा होता, पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेला, आंबूस वासाचा. ती तो घेऊन परतली आणि उंटाच्या नाकपुड्यांवर तिने तो दाबून धरला. त्याचा फेस तिच्या कोपरापर्यंत आला, दात तिच्या बोटांना घासून गेले.

उंट थबकला. त्याने श्वास ओढला. मग सदरा तिच्या हातातून हिसकावला, उठला, आणि त्यात जे काही होतं त्याच्यावर तुटून पडला.

अनुराधेने नवऱ्याला काखेत धरून ओढलं. जगदीशरावांचं वजन तिच्या दीडपट. वाळूत टाचा रोवून, तोंडाने देवाला आणि नवऱ्याला सारख्याच शिव्या देत तिने त्यांना फाटकाबाहेर काढलं, कडी लावली, ओढणी फाडून दंड आवळला. मनातली सिस्टर जागी झाली होती: श्वास चालू, नाडी जलद, रक्त उसळत नाही. फोन लागल्यावर पत्ताही तिने शांतपणे सांगितला. कुंपणापलीकडे उंट सदरा दातांनी फाडत होता, तुडवत होता, त्याच्यावर बसत होता, पुन्हा उठून बसत होता. जगदीशरावांची शुद्ध गेलेली नव्हती. वाळूत पडल्या पडल्या, एका उघड्या डोळ्याने ते सगळं बघत होते.

ॲम्ब्युलन्स आली तोवर उंट शांत झाला होता. तो कुंपणाशी आला आणि सकाळची पोळी उचलून चावू लागला.

जगदीशराव वाचले. हातात स्टीलची पट्टी आणि स्क्रू, बरगड्या बांधलेल्या, कानावर टाके. ती दोघं मळ्यावर परतली ती सामान आवरायला. स्मृती गाडी घेऊन दुपारी येणार होती. आता खोबरलाच राहायचं, कफीलचा हुकूम होता. जगदीशरावांना नेहमीच्या खुर्चीत बसवून अनुराधा बांधाबांध करू लागली. भाऊसाहेब कुंपणात उभे होते. त्यांनी जगदीशरावांकडे एकदा बघितलं, जांभई दिली आणि मान फिरवली. अफनान म्हणाली होती तसंच, खलास. त्यांच्या पायांशी सदऱ्याच्या चिंध्या वाळूत अर्ध्या गाडल्या गेल्या होत्या.

जगदीशरावांनी त्या चिंध्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "वाचवलंस खरं. पण जरा लवकर आली असतीस तर हात वाचला असता."

अनुराधेच्या हातात त्यांचे शर्ट होते, घड्या घालायला घेतलेले. तिने ते खाली ठेवले. ती बाहेरच्या नळापाशी गेली. बादली त्या दिवसापासून तशीच होती. तिने आतला दुसरा मळका सदरा काढला, अंगणात आणला आणि जगदीशरावांच्या पायांसमोर टाकला.

"तेव्हा मध्ये कशाला आलीस, आणि आता लवकर का नाही आलीस?" ती म्हणाली, आणि सदऱ्यावर पाय दिला.

मग दुसरा दिला. चपला फेकून दोन्ही टाचांनी तिने तो सदरा वाळूत घातला. कॉलर धरून फाडली, खिसा उपसून काढला, गुडघे टेकून त्यावर वाकड्या मनगटाने मुठी मारल्या. केस सुटले, तोंडातून थुंकी उडत होती, आवाज कुठला निघत होता तो तिचा तिलाच ओळखू येत नव्हता. इतक्या वर्षांत पुसलेलं, भरलेलं, धुतलेलं सगळं बाहेर येत होतं. जगदीशराव खुर्चीत मागे सरकले. बरगड्या दुखल्या तरी सरकले. बाभळीवर बसलेला खाटीकही उडून गेला.

ती थांबली तेव्हा धापा टाकत होती. सदरा ओळखू येत नव्हता.

जगदीशरावांची नजर तिच्या मनगटावर होती. प्लास्टर निघाल्यापासून त्यांनी ते पाहिलंच नव्हतं. माफी मागायची कधी सवयच नव्हती. मग त्यांनी डाव्या हाताने अंगातल्या शर्टाची गुंडी काढायला घेतली. एक निघाली, दुसरी अडकली.

"हाही घे," ते म्हणाले. "कालपासून अंगात आहे."

अनुराधा उठली नाही. मदतीला हातही पुढे केला नाही. वाळूत बसून, ते सगळ्या गुंड्या काढीपर्यंत ती वाट बघत राहिली.